कूपनवाल्या काकू

कुठलाही कागद हातात आला, की काकू तो आधी अंगठा आणि तर्जनीत धरून चोळायच्या. वाचायच्या नंतर. विजेचं बिल असो, लग्नपत्रिका असो, नाहीतर डॉक्टरांचा रिपोर्ट. "कागद आधी बोटाला दाखवावा," असं म्हणायच्या. "डोळ्याचं काय, डोळा फसते."

नागपूरला एका छापखान्यात, बायंडिंग खात्यात त्यांची सगळी नोकरी झाली होती. नवरा लवकर गेला. त्या पगारावर त्यांनी मुलाला इंजिनिअर केलं आणि मुलानं त्यांना टेक्ससला, फ्रिस्कोला आणलं. मुलगा-सून दिवसभर ऑफिसात. काकू तळमजल्यावरच्या अपार्टमेंटमध्ये एकट्या. मी त्यांच्या घराच्या अगदी वर, पहिल्या मजल्यावर राहायचे. माझी पहिलीच नोकरी होती.

आमची ओळख पोस्टाच्या पेट्यांपाशी झाली. पेटीतून निघालेली जाहिरातींची रंगीत चोपडी मी न बघताच शेजारच्या डब्यात टाकत होते. मागून आवाज आला, "फेकून राहिली का? मले दे."

मी दचकून वळले. पांढरी सुती साडी, वर स्वेटर, पायात मुलाचे जुने बूट. त्या "जय भीम" म्हणाल्या. मी गडबडून "नमस्कार काकू" म्हटलं. त्या हसल्या आणि डब्यात हात घालून इतरांनी फेकलेली चोपडीही गोळा करू लागल्या. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. आपण त्यांना मदत करायला जातो आणि पाचव्या मिनिटाला त्यांच्या हाताखाली काम करत असतो. मी डबा तिरका धरून उभी होते.

त्या चोपड्यांत कूपनं असायची. टूथपेस्टवर इतके कमी, साबणावर इतके कमी. काकू ती कापून एका खणाखणाच्या फाइलमध्ये लावायच्या. इंग्रजी त्यांना उत्तम वाचता यायचं, अगदी तळाची मुंगीएवढी अक्षरंसुद्धा. बोलताना मात्र अडायच्या. "डोक्यात टाइप जुळते, तोंडात सांडते," असं म्हणायच्या.

अडचण एकच होती. एका घरात एकच चोपडं यायचं, आणि डब्यातली धरली तरी एका कूपनाच्या चार-पाचच प्रती व्हायच्या. मीच त्यांना सांगितलं, की इथे कूपनं कापून देणारे लोक असतात. वेबसाइटवर जायचं, हवं ते कूपन निवडायचं, वीस प्रती सांगायच्या. ते लोक ढीगभर पेपर घेऊन त्यांतल्या अशाच चोपड्यांतून तेवढीच कूपनं कापतात आणि पोस्टानं पाठवतात. कूपन विकायला बंदी असते, म्हणून पैसे घेतात ते कापण्याचे.

"म्हणजे कात्रीची मजुरी!" काकू एकदम खूश झाल्या. "मग द्यायलाच पाहिजे. सरळ कापणं सोपं नसते, बाप्पा."

ओहायोमधली एक बाई त्यांनी ठरवून टाकली. तिची पाकिटं मागवल्यावर आठवड्यानं यायची. काकू कूपनांच्या कडा उजेडात धरून बघायच्या. "हात चांगला आहे बाईचा," म्हणायच्या. एकदा कडा वाकड्या आल्या, तर दोन दिवस त्यांना काळजी, 'ओहायोवाली' आजारी तर नसेल? शेवटी माझ्याकडून तिला चार ओळी लिहून घेतल्या. तिचं उत्तर आलं, मनगट दुखावलं होतं. काकूंनी तिला हळद-तेलाचा लेप कळवला.

दर शनिवारी मी त्यांना गाडीनं दुकानात न्यायचे. काकू सेलचा दिवस आणि कूपन असा मेळ घालायच्या, की सामान जवळजवळ फुकट पडायचं. घरातल्या कपाटात टूथपेस्ट, साबण, शॅम्पू, पॅड्स, सीरियलची खोकी अशी रास लागायची. हे सगळं त्यांना कशाला हवं होतं, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं होतं.

"मले एकच तोंड, एकच ब्रश," त्या म्हणाल्या. "नवीन येतात ना पोरं-पोरी. पहिल्या महिन्यात हात आखडतात, पण सांगत नाहीत कोणाले."

खरंच, गावाकडून शिकायला आलेल्या, नव्यानं नोकरीला लागलेल्या कितीतरी जणांना काकूंची पिशवी मिळाली होती. कोणी आभार मानायला लागलं, की त्या म्हणायच्या, "कूपनाचं आहे. माझं काय गेलं?" घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये, म्हणून ते वाक्य होतं, हे मला फार नंतर कळलं.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये एकदम सात मुलं यायची होती. डिटर्जंट आणि शॅम्पूचा सेल रविवारी संपणार होता आणि ओहायोवालीचं पाकीट वेळेत पोचणार नव्हतं. मी फोनवर शोधलं. एक नवी साइट सापडली. दोन दिवसांत पोच आणि मजुरी निम्मी. काकू म्हणाल्या, "ओळखीची नाही ना ती?" मी म्हटलं, "काकू, इंटरनेटवर कोण ओळखीचं असतं?" आणि ऑर्डर करून टाकली.

पाकीट आलं. काकूंनी एक कूपन बोटांत धरलं आणि त्यांचा चेहरा बदलला.

"हा कागद जाड आहे. पेपरातला नाही हा."

"वेगळ्या प्रेसचा असेल."

"अन् शाई वर बसली आहे. आत गेली नाही."

मला ऑफिसचा कॉल होता. मी म्हटलं, "काकू, आता सगळं मशीनवर होतं. तुमच्या वेळचं छापणं राहिलं नाही. तुम्ही उगीच शंका काढता."

त्यांनी कूपन परत पाकिटात ठेवलं. "बरं. तू म्हणतेस तर."

शनिवारी आम्ही दुकानात गेलो. काकू ढकलगाडी भरून बिलाच्या रांगेत उभ्या राहिल्या. मी माझ्यापुरती फळं घ्यायला मागे गेले. तिथे माझा टीम लीड भेटला. सोबत त्याची बायको होती. प्रमोशनच्या याद्या त्याच आठवड्यात ठरायच्या होत्या. मी आंब्याच्या जातींबद्दल काहीबाही बोलत उभी राहिले.

तेवढ्यात काउंटरकडे आवाज चढला. दुकानाचा मॅनेजर काकूंची कूपनं हातात पंख्यासारखी धरून बोलत होता. ही नकली आहेत, रंगीत झेरॉक्स आहे, हा गुन्हा आहे, तुम्ही ही कुठून आणली. रांगेतली माणसं मागे सरकली होती. काकू काहीतरी सांगू पाहत होत्या. त्यांच्या तोंडून नुसतं "आय... आय ऑर्डर..." एवढंच येत होतं. मग त्यांनी मान वळवून मला शोधलं आणि हात वर केला.

"पोरी! इकडे ये ना जरा. याले सांग ना."

अख्ख्या दुकानानं माझ्याकडे पाहिलं. टीम लीडनंही. त्यानं हळूच विचारलं, त्या तुझ्याबरोबर आल्यात का?

मी म्हणाले, "शेजारी राहतात."

खोटं काहीच नव्हतं. म्हणूनच ते इतक्या सहज तोंडून गेलं. त्यानं मान हलवली. मी हातातला आंबा खाली ठेवला, दुसरा उचलला, त्याच्या बायकोला काहीतरी सांगितलं. फार तर दोन-तीन मिनिटं झाली असतील. ते दोघं पुढे गेल्यावर मी काउंटरकडे पळाले. भरलेली ढकलगाडी तशीच एका बाजूला लावलेली होती. काकू तिथे नव्हत्या.

त्या बाहेर, उन्हात, रिकाम्या ढकलगाड्यांच्या रांगेशेजारी उभ्या होत्या. मॅनेजरनं कूपनं ठेवून घेतली होती आणि पुन्हा असं केलं तर पोलिसांना बोलावीन, असं सांगून त्यांना सोडलं होतं. मी "काकू, सॉरी, मी..." एवढं म्हटलं. त्या गाडीत बसल्या. पट्टा त्यांना नेहमी मी लावून द्यायचे. त्या दिवशी त्यांनी तो स्वतः लावला.

अर्धा रस्ता गेल्यावर त्यांनी विचारलं, "कोणाशी बोलून राहिली होती तू?"

"माझा टीम लीड आहे, काकू."

"हो का," त्या म्हणाल्या. "मग बरोबर."

त्या दोन शब्दांचे मी किती अर्थ लावले असतील! साहेबासमोर पोरीला संकोच वाटला, नोकरीचा प्रश्न आहे, म्हणून बरोबर? की ओळख द्यायची वेळ आली की माणसं अशीच पाठ फिरवतात, हे जन्मभर पाहिलं, तसंच झालं, म्हणून बरोबर? त्यांच्या छापखान्यात काही बायका आपला पाण्याचा माठ वेगळा ठेवायच्या. ती गोष्ट काकूंनी मला एकदा हसत हसत सांगितली होती, आणि मी "काय लोक असतात ना!" म्हणाले होते. गाडी चालवताना मला तेच आठवत होतं. मी त्या बायकांसारखी नाही, हे मला ओरडून सांगायचं होतं. पण सांगायला तोंड कुठे होतं?

घरी त्यांनी मुलाला सांगितलं, "मीच मागवले. स्वस्त दिसले म्हणून." माझं नाव घेतलं नाही. मुलगा चांगला होता, पण तो घाबरला. ग्रीन कार्डची फाइल चालू होती त्यांची. "आई, काय गरज आहे आपल्याला याची?" म्हणत त्यानं कूपनांची ती फाइल रिसायकलच्या डब्यात टाकली. ऑगस्टमध्ये आलेल्या मुलांना पिशव्या मिळाल्या नाहीत. मी माझ्या पैशांनी काही सामान आणलं, पण ते देताना काय म्हणायचं, ते मला जमलं नाही. एक मुलगा तर "नको ताई, मॅनेज करतो" म्हणून परतच गेला.

शनिवारी मी खाली जाऊन बेल वाजवायचे. काकू दारातूनच म्हणायच्या, "नको, तुझा वेळ जाते." चहा द्यायच्या. राग दिसायचा नाही. तो दिसला असता, तर मी त्याला धरून बोलले असते.

पुढच्या मार्चमध्ये त्यांनी नागपूरला परत जायचं ठरवलं. इथे हाताला काम नाही, म्हणाल्या. जायच्या आधी मुलानं आठ-दहा लोकांना जेवायला बोलावलं. जेवताना त्यानं दुकानाचा किस्सा रंगवून सांगितला. "आमची आई इंटरनॅशनल कूपन गँगची मेंबर आहे! कुठल्या साइटवरून मागवलं, ते अजून कबूल करत नाही." सगळे हसले. बोलायची वेळ तीच होती. कूपनं मी मागवली होती, काकूंनी मला सावध केलं होतं, एवढी दोन वाक्यं. काकूंनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाटोडीचं भांडं पुढे करत म्हणाल्या, "घे अजून. रस्सा पण घे."

मी पाटोडी घेतली. आणि सगळ्यांबरोबर हसले.

मला प्रमोशन मिळालं. मी घर बदललं. कूपनं आता फोनमध्येच येतात, बोट लावलं की पैसे कमी होतात. दोन वर्षं मी नागपूरचा नंबर जपून ठेवला आणि फोन रोज उद्यावर ढकलला.

काकू वारल्या, त्याच्या दोन महिने आधी एका रविवारी मी अखेर फोन लावला. काय बोलायचं, ते कागदावर लिहून घेतलं होतं.

"काकू, मी. फ्रिस्कोची. वरच्या मजल्यावरची."

"कोण वरची?"

"काकू, त्या दिवशी दुकानात..."

"दुकान बंद आहे आज. रविवार आहे."

मी आवाज चढवला. पण माफी ओरडून कशी मागायची? पलीकडे काहीतरी खुडबुडलं आणि एका पुरुषाचा आवाज आला. त्यांचा भाचा होता.

"मावशीला आता ऐकायला फार कमी येतं हो. तुम्ही मला सांगा, मी कानाशी जाऊन सांगतो. काय निरोप आहे?"

लिहिलेला कागद माझ्या हातात होता. ती वाक्यं एका अनोळखी माणसाला वाचून दाखवायची, आणि त्यानं ती त्यांच्या कानाशी ओरडायची. मी कागद उलटा ठेवला.

"काही नाही," मी म्हणाले. "सहज केला होता."

तो त्यांच्याजवळ गेला असावा. मला त्याचं ओरडणं ऐकू आलं, "सहज केला म्हणतात! अमेरिकेहून!"

मग लांबून काकूंचा आवाज आला, चकित झालेला, आनंदानं भरलेला.

"सहज? काही काम नाही, अन् फोन केला?" त्या आतल्या खोलीतल्या कोणाला तरी हाक मारून सांगत होत्या, "पाह्य वो, पोरगी कशी जीव लावते!"