छागलीतलं गोड पाणी

"आधी पानी दे, मंग नाव इच्यार."

गडचिरोलीत आमच्या शेजारी राहणारे भाऊ हे वाक्य दिवसातून किती वेळा म्हणत, देव जाणे. फाटकाशी त्यांचा माठ असे. सिलिंडरवाला येवो, मीटर पाहणारा येवो, की वाट चुकलेला कुणी. गिलास रिकामा केल्याशिवाय त्याला तोंड उघडायची सोय नव्हती. एकदा मतं मागायला आलेल्या उमेदवारालाही त्यांनी असंच गप्प केलं. तो पाणी प्याला आणि काय बोलायचं तेच विसरून गेला. तुमच्याही गल्लीत असा एखादा माणूस असेल. नसेल तर तुमची गल्ली कोरडीच म्हणायची.

भाऊ एसटीचे ड्रायव्हर. उभी नोकरी सिरोंच्याच्या रस्त्यावर गेली. तिकडून त्यांनी कामापुरती तेलुगू आणली आणि एक कापडी छागल. गाडीत स्टेअरिंगजवळ लटकणारी ती पाण्याची पिशवी रिटायर झाल्यावर त्यांच्या खांद्यावर आली, ती उतरलीच नाही. माझी मुलं, रुची आणि ओम, त्यांना आबाजी म्हणत. त्यांना ते वैनगंगेवर न्यायचे. वाळूत अडकलेला मासा दिसो की उताणी पडलेली गोगलगाय, ओंजळीनं पाणी घालायचे. "पाहुना हाय तो," म्हणायचे. रुचीला वाटे, आबाजींच्या हातात जीव वाचवायचं औषध आहे. मलाही तसंच वाटे, खोटं कशाला बोलू.

मग आम्ही बल्लारशाहून गाडी धरून विशाखापट्टणमला समुद्र पाहायला निघालो. "तुमाले तेलुगू येते, चला भाऊ," म्हणून माझ्या नवऱ्यानं त्यांनाही ओढलं. भाऊंनीही तोवर समुद्र पाहिला नव्हता. गेल्या गेल्या त्यांनी चूळ भरली, थुंकले आणि मला म्हणाले, "एवढं पानी, अन् पाहुन्याले द्याच्या कामाचं नाई."

सकाळी ओहोटी लागली आणि खडक उघडे पडले. खडकाखडकांत पाण्याची डबकी राहिली होती. मुलं त्यात वाकली ती वाकलीच. शंख घर म्हणून पाठीवर घेऊन पळणारे इवले खेकडे सापडले. एका कपारीत तारामासा सापडला, तो रुचीनं तळहातावर घेतला. "आबाजी, हा मले धरून राह्यला," ती म्हणाली. सगळे पाहुणे बादलीत गेले. खेळून झालं की परत सोडायचे, असं ठरलं होतं.

आम्ही नाष्ट्याला गेलो. भाऊ बादलीपाशी राखणीला बसले. ऊन चढलं, बादलीतलं पाणी तापलं. आता भाऊ काय करणार, तुम्हीच सांगा. त्यांनी ते खारं पाणी ओतून दिलं आणि छागल उपडी केली. घरच्या विहिरीचं पाणी होतं ते. गाडीत आम्हालाही घोट घोटच दिलं होतं त्यांनी.

परत आलो तर बादलीत काही हलत नव्हतं. तारामासा लुळा पडला होता. शेजारी मासे निवडत बसलेल्या बाईनं बादलीत बोट घालून चाखलं आणि तेलुगूत काहीतरी बोलली.

"काय म्हणते ती, आबाजी?" रुचीनं विचारलं.

तेलुगू त्यांच्याशिवाय कुणालाच कळत नव्हती. ऊन लागलं म्हणते, असं सांगितलं असतं तरी खपून गेलं असतं. भाऊंनी छागलीचं बूच लावलं, मग उघडलं, मग पुन्हा लावलं.

"याईले खारंच पानी लागते म्हणते. गोड्या पान्यानं मेले. माह्या पान्यानं मेले, बेटा."

रुची रडली नाही. "तुमी मारले," म्हणाली आणि बापाच्या मागे जाऊन उभी राहिली. परतीच्या प्रवासात ती त्यांच्याशी बोलली नाही. मी दटावलं, समजावलं, नवऱ्यानं आइस्क्रीमची लाच दिली. पोरगी हट्टाला पेटली की कुणाचं ऐकते? भाऊ खिडकीशी बसले होते. छागल रिकामीच होती. बल्लारशा येईपर्यंत त्यांनी ती कुठल्याच नळाला लावली नाही.

त्यानंतर माठ होता, गिलास होता, ते वाक्य मात्र गेलं. येणाऱ्याला भाऊ मुकाट्यानं पाणी देत. रुची त्यांच्या फाटकावरून मान खाली घालून शाळेत जायची आणि भाऊ ती वळणाआड जाईपर्यंत पाहत राहायचे. मला फार वाईट वाटायचं.

पुढे भाऊंच्या किडन्यांनी दगा दिला. डॉक्टरांनी पाणी तोडलं. गावाला पाणी पाजणाऱ्या माणसाला त्यांची बायको, आमच्या मावशी, चहाच्या कपानं मोजून पाणी द्यायच्या आणि आत जाऊन डोळे पुसायच्या. भेटायला येणारे मायेनं नारळपाणी आणत, सरबत आणत. भाऊ हात जोडून नको म्हणत.

एका दुपारी रुची आपण होऊन माझ्यासोबत भाऊंकडे आली. दारातच थांबली. भाऊंचे ओठ सुकून चिरले होते. तिनं गिलास उचलला, भरला, आणि तो हातात धरून तशीच उभी राहिली.

"आबाजी, तुमाले पानी चालते का?"

भाऊंनी तिच्याकडे पाहिलं. म्हणाले, "नाई चालत, बेटा. पन तू इच्यारलं. मी त्याईले इच्यारलंच नोतं."

रुचीनं बोट बुडवून त्यांचे ओठ ओले केले. मग त्यांचा हात धरून बसून राहिली, आणि त्या दोघांना काय बोलायचं असेल ते बोलू देत, म्हणून मी मावशींकडे आत गेले.

भाऊ जाऊन आता वर्ष होत आलं. मावशींच्या फाटकाशी माठ आहे, तो रुची भरते. काल एक पार्सलवाला भर उन्हात गाडी लावून उतरला. रुची धावत गेली.

"दादा, पानी चालते का तुमाले?"

तो हसला. "पानी कोनाले चालत नाई, पोरी?"

"असते कोनी कोनी," रुची म्हणाली आणि तिनं गिलास माठात बुडवला.