मेलेल्यांच्या यादीतला गोलरक्षक

मोखेले मास्तरांनी आयुष्यात कधी कोंबडी कापली नव्हती. सणाला बायको सुरी चालवायची आणि मास्तर पाठ फिरवून पीचच्या झाडाकडे बघत उभे राहायचे. असा हा माणूस. आणि त्याने एक चांगला चालताबोलता मनुष्य मारला. तोही गुपचूप नव्हे. गुळगुळीत कागदावर, दोन हजार प्रतींत.

झालं ते असं. आमच्या लेसोथोच्या राष्ट्रीय फुटबॉल संघाचा सुवर्णमहोत्सव आला होता. संघाला आम्ही ‘मगरी’ म्हणतो. देशात मगर औषधालाही नाही. आमच्या डोंगरातल्या नद्या एवढ्या गार, की मगर सोडली तर तिन्हीसांजेपर्यंत न्यूमोनियाने जाईल. पण राजाच्या कुळाचं दैवत मगर, म्हणून संघही मगर. या मगरींनी पन्नास वर्षांत फारसं कुणाला खाल्लेलं नाही. तरी महोत्सव म्हटला की पुस्तिका आली, आणि पुस्तिका म्हटलं की इतिहासाचा मास्तर आला. फुटबॉल मंडळाचे सचिव थुलो हे मोखेले मास्तरांचेच विद्यार्थी. वर्गात मागच्या बाकावर झोपायचे. त्यांनी फर्मावलं, “मास्तर, चाळीस पानं लिहा. विजय जरा मोठ्या अक्षरांत छापू, म्हणजे पानं भरतील.”

मास्तर इमानदार. पहिल्या संघातल्या अकराही जणांच्या दारात ते स्वतः गेले. दहा दारांत त्यांना विधवा भेटल्या, नाहीतर नुसती कुलपं. अकरावं दार हा-लेबोना गावात होतं. तिथे राहत होता पहिल्या संघाचा गोलरक्षक, मोलाहलेही.

मोलाहलेही म्हणजे टाकून दिलेला. त्याच्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली, वाचला तो सगळ्यांत थोरला. तेव्हा याचं नाव असं ठेवलं, की मरणाने दारात यावं, नाव ऐकावं, आणि ‘असला टाकाऊ माल कशाला उचला’ म्हणून परत फिरावं. अशी नावं आमच्याकडे गावोगाव आहेत. युक्ती चांगली आहे, मरण फसतं. मास्तर मात्र फसत नाहीत.

मास्तर अंगणात शिरले तेव्हा मोलाहलेहीची सून माथाकाने चुलीपाशी होती. डोकं भादरलेलं, खांद्यावर काळ्या कापडाची पट्टी टाचलेली. गुरांच्या गोठ्याच्या दगडी भिंतीवर पुरुषाचे कपडे धुऊन वाळत घातले होते. विजारी, कोट, दोन घोंगड्या. घरातलं माणूस गेलं की महिन्याभराने त्याचे कपडे धुवायचे आणि मामाच्या हातून नातलगांत वाटायचे, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि त्या कपड्यांत, सगळ्यांत शेवटी, एक हिरवी लोकरी जर्सी. कोपरं रफू केलेली, पाठीवर पांढरा आकडा एक.

मास्तरांनी टोपी काढली.

“म्मे, हे न्ताते मोलाहलेहींचंच घर ना?” आमच्याकडे बाईला म्मे, म्हणजे आई, आणि थोर माणसाला न्ताते, म्हणजे बाबा, म्हणतात.

माथाकानेने मान खाली घालून हलवली. सासऱ्याचं नाव सून तोंडाने घेत नाही. ती ‘हो’ म्हणायलासुद्धा ओठ उघडत नाही.

“कधी झालं?”

“चार शनिवार झाले मातीला.”

कोण गेलं, असं मास्तरांनी विचारलं नाही. भादरलेल्या डोक्यासमोर बसून कुणी असं विचारतं का? आणि विचारलं असतं तरी ती सांगणार कशी? गेला होता तो त्याच घरात राहणारा मोलाहलेहीचा थोरला भाऊ; मोलाहलेही स्वतः तेव्हा मेंढ्यांमागे रानात होता. त्याचंही नाव तिला वर्ज्यच. मास्तर दगडावर टेकले, पाणी प्याले, दोन शब्द धीराचे बोलले आणि गावच्या टॅक्सीत बसून राजधानीला, मासेरूला परत आले. त्याच संध्याकाळी त्यांनी बत्तिसाव्या पानावर ‘दिवंगत’ या मथळ्याखाली पहिला संघ पुरा केला. अकरापैकी अकरा.

पुस्तिका वाटल्या गेल्या आणि आठ दिवसांनी, मधल्या सुट्टीत, शिक्षकांच्या खोलीच्या दारात एक म्हातारा उभा राहिला. उंच, सुकलेला, खांद्यावर घोंगडी टाचलेली, डोक्यावर गवती टोपी. काखेत पुस्तिका.

“मोखेले मास्तर कोण?”

“मीच. बसा, न्ताते. आपण?”

“पान बत्तीस,” म्हातारा म्हणाला. “वरून पहिला.”

मास्तरांनी हातातला चहाचा कप बशीऐवजी तपासलेल्या वह्यांवर ठेवला. शेजारच्या गणिताच्या बाईंनी तो हळूच काढून घेतला.

“न्ताते, मी… मी स्वतः आलो होतो हो! ती जर्सी भिंतीवर—”

“भावाला दिली होती दहा वर्षांमागे. थंडी सोसायची नाही त्याला. घोंगडीखाली घालायचा.” म्हातारा खुर्चीवर बसला. त्याने पुस्तिका उघडून टेबलावर आपटली. “पण मी त्यासाठी नाही आलो. मेलो म्हणून लिहिलंस, ते आज ना उद्या खरंच होईल. हे बघ. पान नऊ. ‘गोलरक्षकाने सात गोल खाल्ले.’ सात?”

“नोंद तशीच आहे…”

“सहा! सातवा ऑफसाइड होता. लाइनवाला त्यांचा होता, नि त्याचा मेव्हणा त्यांच्या संघात होता. आणि आठवा मी अडवला. तो कुणी लिहिलाय का? खाल्लेले सगळे मोजता. अडवलेला एक मोजायला तुमचा हात दुखतो.”

सगळी खोली हसली. मास्तर सोडून.

त्या सामन्याची गोष्ट मास्तरांनी मग त्याच्याच तोंडून ऐकली. संघाचा परदेशातला पहिला सामना एका बेटावर होता. सामन्याच्या आदल्या दिवशी सगळे समुद्रावर गेले. डोंगरातली माणसं, एवढं पाणी कुणी बापजन्मी पाहिलेलं नव्हतं. सरावाला म्हणून गेले आणि पाच तास नुसते ओळीने उभे राहिले. सेबाटा नावाचा बचावपटू, अंगाने रेडा, त्याने ओंजळभर पाणी पिऊन पाहिलं आणि जाहीर केलं, की एवढं मीठ फुकट जातंय, या लोकांना संसार येत नाही. रात्रभर त्याचं पोट बिघडलं. दुसऱ्या दिवशी बचावाच्या फळीत भलंमोठं भगदाड.

“म्हणजे हरलो ते समुद्रामुळे,” मास्तर म्हणाले.

“हरलो ते चेंडू आत गेला म्हणून,” म्हातारा म्हणाला. मग त्याने उजव्या हाताची करंगळी दाखवली. सुकलेल्या वेलीसारखी ती बाहेर वळली होती. “हा तो आठवा.”

परत आल्यावर संघातल्या पोरांनी खाणीच्या भरतीत नावं दिली. तेव्हा मगर व्हा नाहीतर हत्ती व्हा, पोटासाठी जोहान्सबर्गकडे जमिनीखाली उतरावंच लागे. अकराही जण एका रांगेत उभे राहिले. डॉक्टरने सगळ्यांची छाती तपासली, दात पाहिले, हात पाहिले. मोलाहलेहीच्या करंगळीवर येऊन तो थांबला. पकड नाही, म्हणाला, पुढचा.

दहा जण खाली गेले. सेबाटावर दोन वर्षांत दरड कोसळली. दोघे खोकत परत आले आणि खोकतच गेले. मग तो आजार आला, ज्याचं नाव मातीच्या दिवशी कुणी घेत नाही. चौघे त्यात गेले, आणि त्याच आजारात मोलाहलेहीचा मुलगाही. बाकीच्यांचं कुणाचं काय, कुणाचं काय. मोलाहलेही वर राहिला. गावात मेंढ्या राखल्या, मका पेरला, आणि बाजारात लोकांची सात बोटं झेलली. कारण आमच्याकडे वीस वर्षांनीही पोरंटोरं त्याला बघून हात वर करायची: इकडे पाच, तिकडे दोन.

मास्तरांचं काळीज विरघळलं. “न्ताते,” ते उठून म्हणाले, “शनिवारी महोत्सवाचा सामना आहे. पहिल्या संघातला जो कुणी हयात असेल त्याला मैदानाच्या मधोमध बोलवून खांद्यावर घोंगडी घालायची असं मंडळाचं ठरलं होतं. कुणीच नाही म्हणून रद्द केलं. आता तुम्ही आहात! मी तुम्हाला जिवंत करणार.”

म्हाताऱ्याचा चेहरा हलला नाही, पण गवती टोपी मात्र त्याने सरळ केली. “माझं नाव भोंग्यावरून घेतील?”

“घेतील.”

“सगळ्या लोकांदेखत?”

“सगळ्यांदेखत.”

“मग चांगलं,” म्हातारा म्हणाला. “एकदा बघू देत, सात बोटं कुणाकडे दाखवत होते ते.”

पण माणूस मारायला मास्तरांना एक ओळ पुरली होती. जिवंत करायला चार दिवस लागले. थुलोसाहेबांनी कपाळावर हात मारून घेतला.

“मास्तर! मंत्र्यांचं भाषण टाइप झालंय. अकरा नावं, मग एक मिनिट शांतता. आता दहा नावं वाचायची का? लोक म्हणतील, यांना धड मेलेलेही मोजता येत नाहीत.”

“अरे, पण तो जिवंत आहे.”

“एक शनिवार मेलेला राहिला तर काय बिघडतं? मेलेल्यांना चहापान नसतं, घोंगडी नसते, कटकट नसते. वय किती त्यांचं?”

“अठ्ठ्याहत्तर.”

“मग बघा. फार घाई झाली असंही नाही.”

मास्तरांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं तीस वर्षांपूर्वी मागच्या बाकाकडे पाहायचे. थुलोसाहेब खुर्चीतल्या खुर्चीत विद्यार्थी झाले. शेवटी तोडगा निघाला. मंत्री अकरा नावं वाचतील. शांतता होईल. मग निवेदक म्हणेल, एक आनंदाची दुरुस्ती आहे. यादीतलं पहिलं नाव वगळावं, न्ताते मोलाहलेही हयात आहेत, त्यांनी मैदानात यावं. घोंगडी तयार असेल.

शनिवारी मासेरूत असं वारं सुटलं होतं, की झेंडासुद्धा घोंगडी मागत होता. प्रेक्षक निम्मेच. मास्तर नि मोलाहलेही मैदानालगतच्या पहिल्या बाकावर बसले. म्हाताऱ्याने दाढी घोटली होती. घोंगडीच्या आत हिरवी लोकर दिसत होती. कपडे वाटताना मामाने ती जर्सी त्यालाच दिली होती. ज्याची त्यालाच, पण भावाची म्हणून.

“कुठून चालत जायचं?” त्याने तिसऱ्यांदा विचारलं.

“तिथून. खूण करायला मंडळाचा माणूस येईल.”

“गवत चांगलं ठेवलंय. आमच्या वेळी माती होती. पडलं की गुडघा तिथेच ठेवून यायचं.”

मंत्री उठले. सगळे उभे राहिले. भोंगा खरखरला आणि पहिलंच नाव आलं: “गोलरक्षक, मोलाहलेही.”

म्हाताऱ्याने टोपी काढली. मास्तरांना हसू यायचं होतं, ते आलं नाही.

“सेबाटा.”

“मीठ,” म्हातारा पुटपुटला.

“लेहलोन्या.”

“डावा पाय. उजवा नुसता शोभेला.”

“खाउता.”

“उधळ्या. माझे बूट घेऊन गेला खाणीत.”

एकेक नाव येत होतं आणि म्हातारा प्रत्येकाला ओठांत उत्तर देत होता. उभा तसाच होता. पण मास्तरांनी पाहिलं, की त्याचे गुडघे किंचित वाकले आहेत, हात घोंगडीतून बाहेर आले आहेत, पंजे उघडे. नजर मैदानावर, कुणाच्या तरी पाठींवर. नावं गोलाकडून पुढे पुढे चालली होती, बचावाकडून मधल्या फळीकडे, मधून पुढे, तशी ती नजरही लांब लांब जात होती. अकरावं नाव झालं. शांतता पडली. एका मिनिटात वारा, दूरच्या रस्त्यावर एका टॅक्सीचा हॉर्न, आणि शेजारी म्हाताऱ्याचा श्वास. बस्स.

मग भोंगा पुन्हा खरखरला. “एक आनंदाची दुरुस्ती…” लोक कुजबुजले. खुणेचा माणूस वाकून धावत बाकापाशी आला. मैदानाच्या मधोमध थुलोसाहेब नवीकोरी घोंगडी दोन्ही हातांवर घेऊन उभे होते, पहिल्यांदाच जागे दिसत होते.

म्हातारा खाली बसला. त्याने टोपी गुडघ्यावर ठेवली.

“न्ताते, उठा,” मास्तर म्हणाले. “बोलावताहेत.”

तो हलला नाही.

“अहो, सगळे बघताहेत. पाय दुखतोय का? मी धरतो.”

“पाय ठीक आहेत.”

“मग? तुम्हालाच हवं होतं ना हे? भोंग्यावरून, सगळ्यांदेखत…”

“घेतलं की नाव. ऐकलं मी.”

“ते मेलेल्यांत घेतलं!” मास्तर जवळजवळ रडवेले झाले. चार दिवस त्यांनी नीट जेवण घेतलं नव्हतं. “माझी चूक आहे, मला ती पुसू द्या. एकदा मैदानात या, की त्या यादीतून तुमचं नाव कायमचं काढतो.”

मोलाहलेहीने वाकड्या करंगळीने घोंगडी टाचायचा काटा घट्ट केला आणि मैदानावरची नजर न काढता म्हणाला,

“मला काढलंस, तर त्यांच्या गोलात कोण उभं राहणार?”