आवाज कापलेला सिनेमा अन् आमचा मामा

थांबा, हातातलं सारं ठेवा, हे मले आत्ताच सांगायचं हाय, नाईतर रागानं माझं डोकं फुटन. माझ्या मोठ्या मामासारखा सिनेमा पाहणारा माणूस अख्ख्या आदिलाबाद जिल्ह्यात दुसरा नाई. कारण मामा सिनेमा पाहतच नाई, सांगते. मामा मराठी शाळेचा हेडमास्तर, तेलुगू एकदम पक्की, अन् आमचं गाव पैनगंगेच्या काठावर, पण तेलंगणाच्या बाजूनं, तिथल्या म्हाताऱ्यांले तेलुगूचा एक शब्द समजत नाई. मंग कोनाची औषधाची चिठ्ठी, कोनाची मंडल ऑफिसची नोटीस, सारं मामाच वाचून दाखवते. अन् सुट्टीच्या दिवशी दोन आटो भरून म्हातारे आदिलाबादच्या थेटरात. मामा बरोब्बर मधात बसते. पडद्यावर हिरोनं तोंड उघडलं का इकडं मराठी चालू. नुसतं सांगत नाई, सुधारते बी. एकदा व्हिलन हिरोच्या मायवरून घाण शिव्या देऊन राह्यला होता, त मामानं सांगितलं, "तो म्हणते, तुमच्या मातोश्री कशा हायेत?" गाणं लागलं का मामा चूप, तंबाखू मळते. आमची शेजारची संत्राबुढी इचारते, "मास्तर, गान्यात का म्हणते?" मामा म्हणते, "काई नाई म्हणत बुढे, नाचू दे त्याईले."

आता मेन गोष्ट. तेलुगूत एक पोलिसाचा सिनेमा येणार होता, मर्डर होते अन् ठाण्यातलेच लोक पैसे खाऊन केस दाबतेत, असा. मामानं ट्रेलर चाळीस वेळा पाह्यला. काऊन? त्यात एक बुढा, नुसती दरखास, मंजे तक्रार, लिहून घ्या म्हणून, ठाण्याच्या चकरा मारते. मामाच्या शाळेतली बोअरची मोटार चोरीले गेली तवा मामानं आठ महिने अशाच चकरा मारल्या. पहिलं म्हणे तेलुगूत लिहून आना. आनलं. मंग म्हणे एसआय सार बंदोबस्तात हायेत. मंग म्हणे, "मास्टर, ठाण्यात कागद नाई, एक रिम आणून द्या." मामानं रिम देली. त्या रिमवर मामाची सोडून साऱ्या जिल्ह्याची दरखास लिहून झाली असन. तिकडं लेकरं घरून पाण्याच्या बाटल्या नेत होते, अन् गावात कुजबूज सुरू झाली का मास्तरनंच मोटार इकली. मामा कोनाले काई बोलला नाई. फक्त मले म्हणे, "हा सिनेमा येऊ दे बाई. ठाण्यात का होते, ते एकदा गाववाल्याईले त्याईच्या डोळ्यांनं पाहू दे."

पण येईन तवा ना. तीन वेळा तारीख आली, तीन वेळा गेली. एकदा कोर्ट, एकदा सेन्सॉर, अन् एकदा त पोस्टर लागलं, आमचे आटो पोचले, अन् थेटरवाला गेटवर म्हणे, "वरून फोन आला." वरून मंजे कुठून, ते कोनी सांगत नाई. म्हातारे बाहेरच मिरचीभजे खाऊन परत आले.

आखरीले लागला. अन् पाह्यतो त का, ठाण्याच्या साऱ्या सीनमधला आवाजच कापलेला. जमादाराचे ओठ हालून राह्यले, आवाज गायब. मामा काई थांबला नाई, सवयच ना त्याची. "जमादार म्हणून राह्यला, पहिलं कागदाची रिम आण, मंग बोलू." आमचे म्हातारे हासले. मागून कोनीतरी आवाज देला, "गट्टिगा चेप्पंडि सार", मंजे जोरानं सांगा. मामा उभा राह्यला. मंग एकदा मराठीत, एकदा तेलुगूत, कापलेला एकेक डायलॉग पुरा. त्याले पाठ करायची गरजच नव्हती, ते सारं त्यानं ठाण्यात उभं राहून ऐकलं होतं. संत्राबुढी माझ्या कानात म्हणे, "पोरी, हे त आपल्या मोटारीचं हाय."

इंटरवलमध्ये त्याच ठाण्यातले दोघं पोलीस आले. "मास्टर, चला जरा." मामानं टोपी घातली अन् गेला.

राग कायचा येते सांगू? ज्या ठाण्यात आठ महिने कागद नव्हता, तिथं मामाच्या विरोधातली दरखास दहा मिनिटांत टाईप होऊन बाहेर आली. प्रिंट बी एकदम साफ. दुसऱ्या दिवशी सिनेमाच उतरला. अन् मामाकडून लिहून घेतलं का यापुढं थेटरात तोंड उघडणार नाई, नाईतर नोकरीवर रिपोर्ट. मी भांडली त्याच्याशी, "मामा, सही काऊन केली?" मामा म्हणे, "सोमवारी शाळा कोन उघडन, तू?"

मास्तरनं मोटार इकली असं गावात आता कोनी म्हणत नाई, तेवढं एक झालं. पण गेल्या रविवारी म्हातारे जिद्दीनं मामाले एका साध्या कॉमेडीले घेऊन गेले. मामा मधातच बसला. सारं थेटर हासे, तवा आमच्या लाईनीतले म्हातारे एकमेकाचे तोंड पाहत. संत्राबुढीनं इचारलं काई नाई, नुसता मामाच्या हातावर हात ठेवला. मामा समोर पाहून राह्यला होता, ओठ जरासे हालून राह्यले होते, आवाज नव्हता.

तुमच्या इकडं बी असं झालं का हो कधी? साऱ्यांसाठी बोलणारं माणूस तुमच्या बाजूलेच बसलं हाय, अन् चूप हाय?