धुतलेली गोधडी

संध्याकाळी चहाचं आधण ठेवलं होतं आणि फोन वाजला. पडद्यावर ‘शमीमबाई’ हे नाव दिसलं, तेव्हा मी सवयीनं, पलीकडचं काही ऐकून न घेताच म्हणालो, ‘‘जेवलो. झोपही झाली. आता तुम्ही सांगा.’’ मग त्यांच्या मुलीचा, रुखसानाचा आवाज आला. ‘‘काका, मी रुखसाना… अम्मी दुपारी गेली. झोपेतच.’’ मी काय बोललो ते मला आठवत नाही. गॅस बंद केला एवढं आठवतं. चहा पातेल्यात तसाच राहिला आणि सकाळी कामाच्या बाईंनी तो ओतून टाकला.

शमीमबाई आमच्या संस्थेत समाजसेविका होत्या. पुण्यातली आमची संस्था लहान. आईवडिलांविना राहिलेल्या बाळांना दत्तक द्यायचं, आणि दत्तक जाईपर्यंत त्यांना एखाद्या घरी सांभाळायला ठेवायचं, हे तिचं काम. अशा घरातल्या बाईला आम्ही प्रतिपालक आई म्हणतो. मी एका कारखान्याच्या खरेदी विभागातून निवृत्त झाल्यावर तिथे मानद चिटणीस म्हणून बरीच वर्षं होतो. शमीमबाईंच्या शोकसभेला मी गेलो होतो. सगळ्यांनी चांगलंच बोलावं, तसं बोलले. कार्यकारिणीतल्या एका जुन्या सदस्यांनी मात्र भाषणाच्या शेवटी म्हटलं, ‘‘गोधडीचा तो एक प्रकार सोडला, तर बाईंचं काम निष्कलंक होतं.’’ सभागृहात माना हलल्या. रुखसाना पहिल्या रांगेत बसली होती, तिनं मान खाली घातली. मी तिच्या मागच्याच रांगेत होतो आणि पुन्हा एकदा काही बोललो नाही. म्हणून हे लिहितो आहे. ती गोधडी शमीमबाईंनी धुतली नव्हती. मी धुतली होती.

गोधडी धुण्यात कसला आलाय कलंक, असं वाचकांना वाटेल. त्यासाठी शमीमबाईंची रीत सांगायला हवी. बाळ प्रतिपालक आईकडून नव्या आईबाबांकडे जाताना त्याच्याबरोबर त्याची रोजची गोधडी जायची, आणि ती मुद्दाम न धुता जायची. प्रतिपालक आईच्या जुन्या साड्यांची शिवलेली, दुधाचे डाग पडलेली, जराशी आंबूस वास येणारी. घर बदललं, माणसं बदलली, आवाज बदलले, तरी रात्री नाकाशी तोच वास असला की बाळ तग धरतं, असा त्यांचा वर्षानुवर्षांचा अनुभव होता. नवी आई कधी कधी नाक मुरडायची. शमीमबाई तिला शांतपणे म्हणायच्या, ‘‘अहो, त्याला तुमची साबणपावडर कुठे ओळखीची आहे? आधी ओळख होऊ द्या, मग काय ते परीटघडीचं करा.’’ मी ही रीत शेकडो वेळा ऐकली होती. डोक्याला पटलीही होती. पण आमच्या खरेदी विभागात डाग दिसला की माल परत पाठवायचा, अशी माझी उमेदवारीपासूनची सवय. ती निवृत्त झाली नव्हती.

टाळेबंदीचा तो पहिला उन्हाळा. संस्थेच्या पाळणाघरात बाळं एकत्र ठेवणं धोक्याचं, म्हणून शमीमबाईंनी जवळजवळ सगळी बाळं प्रतिपालक घरांमध्ये हलवली. त्या घरांना दुधाची पावडर, औषधं, शिधा पोचवायला माझी गाडी होती, कारण माझ्याकडे पास होता. मागच्या सीटवर शमीमबाई, मांडीवर पिशव्या, तोंडावर दोन मास्क. रस्ते इतके रिकामे, की लक्ष्मी रस्त्यावरून जाताना आमचं आम्हाला अवघडल्यासारखं व्हायचं. त्या म्हणायच्या, ‘‘साहेब, पार्किंगला जागा आहे आणि दुकानं बंद आहेत. पुणेकराच्या नशिबात दोन्ही एकदम नसतंच.’’ पुढे भेटीही थांबल्या. मग रोज संध्याकाळी, लोक चहा घेतात त्या वेळी, त्या एकेका घरी फोन करायच्या. प्रश्न दोनच. जेवलं का? झोप लागली का? बाळाबद्दल विचारून झालं, की तेच दोन प्रश्न त्या आईलाही. एकदा मी विचारलं, तिला कशाला? तर म्हणाल्या, ‘‘तिची झोप गेली तर बाळाची राहील का?’’

कसबा पेठेत सुमन नावाच्या प्रतिपालक आईकडे मैना होती. दीड वर्षाची, गव्हाळ, हट्टी. सुमनचा नवरा तांब्याची भांडी घडवणारा. मैना त्या ठोक्यांच्या आवाजात सुद्धा गाढ झोपायची. मैनाला दत्तक घ्यायला प्रणाली आणि रोहित हे जोडपं ठरलं होतं, मूळचं अमरावतीचं, नोकरीसाठी वाकडला राहणारं. कागद पूर्ण झाले आणि नेमकी कसबा पेठ सील झाली. गल्लीच्या तोंडाशी पत्रे ठोकलेले. परवानगी काढून आम्ही मैनाला न्यायला गेलो, तेव्हा सुमननं तिला पोलिसांच्या देखत, पत्र्यांच्या फटीतून शमीमबाईंच्या हातात दिलं. मागून गोधडीची पिशवी दिली. रडली नाही. फक्त म्हणाली, ‘‘भात गार करून द्या म्हणावं. तोंड पोळलं की दिवसभर जेवत नाही ती.’’

मैनाची तपासणी होऊन अहवाल येईपर्यंत एक रात्र ती पाळणाघरात, शमीमबाईंजवळ राहणार होती. सील केलेल्या भागातली वस्तू पाळणाघरात आणायची नाही, हा नियम मीच केला होता. म्हणून गोधडी माझ्या गाडीच्या डिकीत राहिली. शमीमबाईंनी बजावलं, ‘‘ठेवा गाडीत. पण हात लावू नका, साहेब.’’ मी हो म्हणालो. घरी आलो, तर माझी पत्नी विमल गॅलरीत बसली होती. तिला जुना दमा. तिचा श्वास त्या दिवसांत जिन्यावरूनच ऐकू यायचा. दुपारी जेवताना मला सारखी ती डिकी दिसायला लागली. कसबा पेठेतली गोधडी, आणि वर ही अशी धापा टाकणारी… शेवटी मी हातमोजे घालून खाली गेलो, पिशवी आणली, जंतुनाशक टाकून गोधडी गरम पाण्यात भिजवली, मशीनमध्ये दोनदा फिरवली. एप्रिलचं ऊन, संध्याकाळपर्यंत कडकडीत वाळली. घडी घालून नव्या पारदर्शक पिशवीत ठेवली आणि, खरं सांगतो, मला फार बरं वाटलं. आपण एक जबाबदारीचं काम केलं असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी संस्थेच्या फाटकाशी प्रणाली आणि रोहित उभे होते. घरी पत्नीला दमा आहे, असं त्यांना सांगून मी लांबच उभा राहिलो आणि तिथूनच हात लांबवून ती पिशवी पुढे केली. शमीमबाईंनी पिशवीचं तोंड उघडलं, मास्क खाली ओढला, नाक आत घातलं आणि मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत राग नव्हता. एखाद्याच्या हातून काचेचं भांडं निसटताना आपण लांबून पाहतो, तसं काहीतरी होतं. मैना प्रणालीच्या कडेवर होती. आता मागे फिरायला वाट नव्हती. शमीमबाईंनी पिशवी मिटली आणि दिली.

मैनानं त्या घरात झोप घेतलीच नाही म्हणा. डोळा लागायचा, दचकून उठायची, गोधडी हुंगायची आणि फेकून द्यायची. अन्न तोंडात धरून बसायची. प्रणालीची आई अमरावतीला अडकलेली, शेजारी दार उघडायला तयार नाहीत, दोघंच दोघं त्या फ्लॅटमध्ये. संध्याकाळच्या फोनवर प्रणाली आधी शुद्ध बोलायची, मग तिचं बोलणं माहेरी जायचं. ‘‘मॅडम, ते मले पाहूनच रडते. मी तिची आई नाहीच होऊ शकत. तुम्ही घेऊन जा तिला… मले जमत नाही.’’ दत्तक बाळ परत येणं म्हणजे काय, हे आम्हाला ठाऊक होतं. एकदा परत आलेल्या बाळाला पुढचं घर मिळायला वर्ष वर्ष लागतं आणि ते बाळ कुणाच्या मांडीवर पुन्हा मोकळं बसत नाही.

शमीमबाईंनी सुमनला फोन केला. तिला म्हणाल्या, ‘‘अंगावरची साडी बदलू नकोस. त्यातच स्वयंपाक कर, त्यातच झोप.’’ मग स्कूटरवरून त्या पुन्हा पत्र्यांपाशी गेल्या, ती साडी फटीतून घेतली आणि थेट वाकडला नेली. प्रणालीला सांगितलं, ही अंगाभोवती गुंडाळ आणि मग मैनाला घे. प्रणालीनं जीन्सवर ती फोडणीच्या, घामाच्या वासाची साडी गुंडाळली. मैनानं तिच्या खांद्यावर नाक घासलं, पदराचं टोक मुठीत धरलं आणि झोपली. प्रणाली दुसऱ्या दिवशी फोनवर नुसती हुंदके देत होती. मैना त्या घरात राहिली.

पण सोसायटीच्या पहारेकऱ्यानं शमीमबाईंना कुठून आलात विचारलं होतं, आणि त्यांनी खरं सांगितलं होतं. सोसायटीची तक्रार आली. कार्यकारिणीची सभा पडद्यावर भरली. चौकोनाचौकोनांत आम्ही सगळे. सील केलेल्या भागातून कपडा बाहेर का नेला, असं अध्यक्षबाईंनी विचारलं. शमीमबाईंनी सांगितलं, गोधडीचा वास गेला होता म्हणून. ‘‘गेला म्हणजे? कुणी धुतली?’’ माझा माईक बंद होता. तो चालू करायला एक बोट पुरलं असतं. माझ्या मागे विमल खोकत होती. मी पडद्यावर शमीमबाईंचा चेहरा पाहत राहिलो. त्या क्षणभर थांबल्या. मला वाटतं, त्या माझ्यासाठीच थांबल्या होत्या. मग म्हणाल्या, ‘‘सामान माझ्या ताब्यात होतं. जबाबदारी माझी.’’ स्वतःचीच रीत स्वतः मोडली आणि ती झाकायला नियम मोडला, असं ठरलं. यापुढे त्यांनी घरभेटी करायच्या नाहीत, कार्यालयातलं काम पाहायचं. चिटणीस म्हणून त्या ठरावाखाली सही माझी आहे.

ज्या बाईचं आयुष्य लोकांच्या स्वयंपाकघरात बसून बाळं न्याहाळण्यात गेलं, ती बाई निवृत्त होईपर्यंत कपाटांनी भरलेल्या खोलीत बसली. संध्याकाळचे फोन मात्र चालू ठेवले. ‘‘फोनवर बंदी घालायची राहिली तुमची,’’ असं मला एकदा म्हणाल्या. एका ईदला मी धीर करून त्यांच्या घोरपडे पेठेतल्या घरी गेलो. ‘‘शमीमबाई, त्या गोधडीचं…’’ एवढं म्हणालो. त्यांनी वाटी पुढे सरकवली. ‘‘साहेब, शीरखुर्मा गार झाला की त्याची खीर होते. खा आधी.’’ मला सुटल्यासारखं वाटलं. त्या सुटकेची आज लाज वाटते.

पुढे विमल गेली. दमाच होता. मुलगा परदेशातून येऊन गेला. शमीमबाई आल्या तेव्हा मी तिचे कपडे काढून मशीनमध्ये टाकत होतो. स्वच्छ करून द्यावेत कुणाला, असा विचार. तिची राखाडी शाल माझ्या हातात होती. शमीमबाईंनी माझं मनगट धरलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. ‘‘साहेब, ही एवढी राहू द्या. धुवू नका.’’ आम्ही दोघंही मशीनच्या उघड्या झाकणापाशी उभे होतो. मी शाल त्यांच्या हातात दिली, त्यांनी घडी घालून कपाटात ठेवली. गोधडीबद्दल आमच्यात बोलणं झालं असेल, तर ते तेवढंच. त्यानंतर चहाच्या वेळेला माझा फोन वाजायला लागला. जेवलात का? झोप लागली का? सांभाळायच्या घरांमध्ये त्यांनी माझंही घर घातलं होतं. या शहरात मला रोज हाक मारणारं तेवढं एकच माणूस होतं, आणि त्यांच्याच नावावर मी माझी चूक ठेवली होती.

शोकसभेनंतर मी अध्यक्षबाईंना भेटलो. सगळं सांगितलं. त्या ठरावाची दुरुस्ती करा म्हणालो. त्यांनी चष्मा काढून पुसला. ‘‘आता कशाला हो? त्या गेल्या. तुमचंही वय झालं.’’ मग मी रुखसानाकडे गेलो आणि तिला सांगितलं. ती म्हणाली, ‘‘अम्मी गेल्यावर सांगताय, काका.’’ दार लावलं नाही तिनं, पण आत या असंही म्हणाली नाही. ते योग्यच होतं. शेवटी प्रणालीला फोन केला. सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, ‘‘काका, मले माहीत आहे ते. मॅडमनी नाव नव्हतं सांगितलं. साडी घेऊन आल्या तेव्हा मी गोधडी धुणाऱ्याला खूप बोलले. तर म्हणाल्या, त्याच्या घरी दम्याचं माणूस आहे, घाबरलेल्या माणसावर रागवायचं नाही. तुम्ही फाटकाशी मावशींच्या दम्याचं सांगून लांब उभे होता ना… तेव्हाच समजलं.’’ मागे एक मुलगी मोठ्यानं पाढे म्हणत होती. मी मैनाबद्दल विचारलं नाही. विचारायचा माझा हक्क नव्हता. प्रणालीच म्हणाली, ‘‘साडी फाटली पार. पण उशाशी लागते अजून.’’

विमलची शाल अधूनमधून कपाटातून काढतो. वास आता उरलेला नाही, की माझं नाकच म्हातारं झालं, कळत नाही. धुतलेली मात्र नाही. संध्याकाळी चहा ठेवतो, आणि फोन कपाशेजारी, पडदा वर करून ठेवतो. वाजत नाही. तरी पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी मनातल्या मनात देतो. जेवलो, शमीमबाई. दुसऱ्या प्रश्नाला इतकी वर्षं मी तुम्हाला रोज खोटं उत्तर देत आलो.