टोपीवालीचे पान

“ते ऱ्हाऊ द्या. ती जेवली व्हती का, ते सांगा.”

खुनी कोण, हा वाद ऐन रंगात आला की आक्का उजवा तळहात वर उचलून हे वाक्य म्हणत. आपल्यापैकी जे भाड्याच्या खोलीत राहिले आहेत, त्यांना घरमालकिणीच्या उचललेल्या तळहाताचे वजन सांगायला नको. सगळे गप्प होत.

माण गावातल्या त्यांच्या घरात आम्ही तिघे भाडेकरू होतो. भाताच्या खाचरांच्या जागी कंपन्यांच्या काचेच्या इमारती आल्या आणि आक्कांच्या गोठ्याच्या जागी आमच्या खोल्या. रविवारी सकाळी अंगणात सगळ्यांचा चहा होई. जळगावच्या सौरभने एका पॉडकास्टमध्ये लंडनच्या जुन्या खुनांची गोष्ट ऐकली होती. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी तिथल्या गरीब वस्तीत एकामागून एक पाच बायका मारल्या गेल्या आणि खुनी कधीच सापडला नाही. त्या पावसाळ्यात आमच्या चहाला दुसरा विषय उरला नाही.

“डॉक्टरच असणार,” आक्कांचा मुलगा म्हणे. त्याला आम्ही दादा म्हणत असू. “सुरी चालवायची म्हंजी शिक्षण पायजे.”

“मग खाटीक कुठल्या कॉलेजात जातात, दादा?” अकोल्याची निकिता विचारी.

त्या प्रकरणावरचे एक जाडजूड पुस्तक मी वाचलेले होते. त्यामुळे निवाड्यासाठी सगळे माझ्याकडे बघत, आणि मी कपात तोंड लपवून म्हणत असे, “नक्की सांगता येत नाही.”

“ह्यांस्नी नगा इचारू,” आक्का म्हणत. “ह्यांच्या च्यात साखर हाय का न्हाई, ते बी ह्यांना नक्की सांगता येत न्हाई.”

खुनी कोण, यात आक्कांना रस नव्हता. त्या बायकांची विलायती नावे त्यांच्या जिभेवर ठरत नसत, म्हणून त्यांनी आपली नावे ठेवली होती. एक विणकामवाली. एक लांबच्या माहेराची, कारण ती समुद्रापलीकडच्या मुलखातून आलेली. एक शेतमजुरी करून नुकतीच शहरात परतलेली, एक गाणारी. आणि सगळ्यांत आधी गेलेली ती टोपीवाली. मी पुस्तकातले सांगत असे आणि आक्का डोळे मिटून ऐकत. “म्हंजी आपल्या मारुतीच्या मागल्या बोळावानी,” असे काहीतरी मधेच पुटपुटत. हळूहळू ते लंडन माणमध्ये उतरले. नदीकडून धुके चढून आले, की माझ्याही डोळ्यांसमोर लांब झग्यातल्या बायका पिठाच्या गिरणीवरून वळून जात आणि गिरणी त्यांना ओळखत असल्यासारखी मंद घरघरत राही.

पितृपंधरवडा लागला तेव्हा आक्कांनी नवाच प्रश्न काढला. “ह्यांची पानं कोन ठेवतं?”

“कसली पानं?” सौरभने विचारले.

“घास रं. गेलेल्यांचा. टोपीवालीचा नवरा जित्ता व्हता का?”

“होता,” मी म्हणालो. “पण वेगळे राहत होते.”

“मग तिची अविधवा नवमी. आन् विणकामवालीचा?”

“तो आधीच वारला होता.”

“मग तिची नवमी न्हाई व्हायची.” आक्का बोटांवर हिशेब करू लागल्या आणि गाणारीपाशी अडल्या. ती स्वतःला विधवा म्हणवत असे, पण खरे-खोटे पुस्तकालाही ठाऊक नव्हते. शेवटी त्या म्हणाल्या, “ज्यांचं काय ठावं न्हाई, त्यांच्यासाठी सर्वपित्री हाय की. पाचींची तवाच मांडू.”

दादा हसला. “आई, त्या इंग्रज बाया. त्यांना आळूची भाजी चालंल का?”

“भूक लागल्यावं समद्यांना समदं चालतं.”

त्याच आठवड्यात निकिताची कामाची पाळी बदलली. आता ती पहाटे परतणार होती. घराचा नियम असा, की रात्री दहाला फाटकाला कुलूप पडे आणि ते सकाळीच निघे. दादाने तिला महिनाअखेर खोली सोडायला सांगितले. “पोरगी वाईट हाय असं न्हाई,” तो आम्हाला म्हणाला, “पन गावात मला तोंड दाखवायचं असतं.” निकिता वाद घालणाऱ्यांतली होती, पण त्या दिवशी ती सरळ सामान आवरू लागली. घराचा कारभार मुलाकडे सोपवल्यावर त्यात तोंड घालायचे नाही, हा आक्कांचा स्वतःशी केलेला करार होता.

पुढच्या रविवारी त्यांनी मला टोपीवालीची शेवटची रात्र पुन्हा सांगायला लावली. मी सांगितली. ती एका धर्मशाळेसारख्या ठिकाणी झोपायला गेली. जागेपुरते पैसे नव्हते, म्हणून तिथल्या माणसाने तिला बाहेर काढले. ती हसून म्हणाली, माझी नवी टोपी तर बघा, पैसे आत्ता घेऊन येते. उजाडण्यापूर्वी ती रस्त्यात मरून पडलेली सापडली.

“त्या मानसाचं नाव तुमच्या संशयितांत हाय का?” आक्कांनी विचारले.

“कुणाचं?”

“ज्यानं दार लावलं त्याचं.”

दादा कप घेऊन आत गेला.

सर्वपित्री अमावस्येला दादाने घरच्या पितरांचे पान कुंपणाच्या भिंतीवर ठेवले. कावळा आला आणि वडा उचलून गेला. मग आक्का स्वतः पाच पाने घेऊन बाहेर आल्या. भात, कढी, भोपळ्याची भाजी, खीर, वडा. त्यांनी ती ओळीने मांडली, पहिले टोपीवालीचे. चार पानांना कावळे शिवले. टोपीवालीच्या पानाभोवती मात्र ते नुसते उड्या मारत राहिले.

“पोटं भरली असतील त्यांची,” सौरभ हळूच म्हणाला.

आक्कांनी तळहात वर उचलला. घास अडला की गेलेल्याची इच्छा ओळखून मोठ्याने वचन द्यायचे, हा आपल्याकडचा रिवाज. डोक्यावरचा पदर नीट करून त्या पानाला म्हणाल्या, “बाई, तुझं काय ऱ्हायलंय ते मला ठावं हाय. ह्या घराचं दार कंच्याबी बाईला बंद व्हनार न्हाई. कवाबी ये. आता जेव.”

आम्ही सगळे दादाकडे बघत होतो, दादा भिंतीकडे. मग एक पोक्त कावळा उतरला, त्याने मान वाकडी करून आक्कांकडे पाहिले आणि खिरीत चोच घातली.

गेलेल्यांना दिलेले वचन मोडायचे कसे? संध्याकाळी दादाने कुलूप कोनाड्यात टाकले, आणि निकिताची खोली राहिली. त्यानंतर आक्का पहाटेच उठून फाटकाशी प्लास्टिकच्या खुर्चीत बसू लागल्या. ती आली की म्हणत, “आलीस का बाई? ये. जेवलीस का?”

गेल्या थंडीत आक्का झोपेतच गेल्या. दहाव्याला नदीवर कावळा लगेच शिवला. दादा म्हणाला, “तिचं काय ऱ्हायलंच नव्हतं,” आणि तोंड फिरवून उभा राहिला.

फाटक अजून उघडेच असते. परवा पहाटे मी अंगणात आलो तेव्हा दाट धुके होते. रस्ता, गिरणी, काचेच्या इमारती, काहीच उरले नव्हते. खुर्ची मात्र तिथेच होती. धुक्यातून एक बाई सावकाश चालत आली. तिच्या डोक्यावर टोपी होती. ती फाटकाशी पोचली तेव्हा टोपी लोकरीची झाली आणि बाई निकिता झाली.

सांगण्यासारखे मला सहसा काही सुचत नाही. त्या वेळी सुचले.

“आलीस का बाई?” मी म्हणालो. “ये. जेवलीस का?”