ऑफन कुठे बसतं

पहाटेच्या बोटीत बसलं की कावालम गावच्या कालव्याचं पाणी आणि आभाळ एकाच राखाडी रंगाचं होऊन जाई, आणि त्यातून थ्रेस्या पुटपुटत चाललेली असे. ऑफन डू यू फील डिझी? डू यू फील ऑफन डिझी? ती जप करतेय असं समजून शेजारची बाई अदबीने जरा सरकून बसे.

थ्रेस्या अडतीस वर्षांची होती. नर्स म्हणून चौदा वर्षं तिने वॉर्डात काढली होती. आयर्लंडला नोकरी हवी तर पेशंटशी इंग्रजीत बोलून दाखवायची परीक्षा द्यावी लागते, तिथे ती दोनदा घसरली होती.

शिकवणीतले वर्की सर हसून म्हणाले, "अगं, आपल्या मल्याळममध्ये 'बऱ्याचदा' कुठेही बसतं, ओसरीवर नाहीतर माजघरात. इंग्रजीत त्याची जागा ठरलेली. आधी डू, मग माणूस, आणि माणसाला खेटून ऑफन. क्रियापद त्याच्यामागून."

"आणि आर आला तर, सर?"

"तेच! आर यू ऑफन टायर्ड. माणसाला सोडायचं नाही, एवढं ध्यानात ठेव."

त्या संध्याकाळी तिची आई, एलीअम्मा, मागच्या पायरीवर मासे साफ करत बसली होती. पायरीखालून कालव्याचं पाणी संथ वाहत होतं. थ्रेस्या तिच्यासमोर बसली आणि डोळे मिटून म्हणाली, "डू यू ऑफन फील डिझी?"

"कसला मंत्र टाकतेस गं माझ्यावर?"

"मंत्र नाही, अम्मच्ची. तुला बऱ्याचदा चक्कर येते का, असं विचारतेय."

"येते की. रोज येते."

थ्रेस्याने डोळे उघडले. "रोज? मग बोलली का नाहीस?"

"तू दिवसभर दुसऱ्यांची दुखणी ऐकून येतेस. त्यात माझं कुठे सांगू?"

माशाच्या खवल्यांनी चमकणारं ते मनगट थ्रेस्याने धरलं. पूर्ण मिनिटभर मोजलं. पुन्हा मोजलं. साठ-सत्तर हवी ती नाडी अडतीसच्या वर जाईना.

त्या शनिवारी तिची तिसऱ्या खेपेची परीक्षा कोचीत होती. शनिवारी थ्रेस्या आलप्पुळाच्या इस्पितळात बाकावर बसून होती. आत आईच्या छातीत पेसमेकर बसवत होते. खिडकीतून नारळीची सावली भिंतीवर हलत होती. तिच्याकडे बघता बघता थ्रेस्याला वाटलं, आपण अजून बोटीतच आहोत आणि धक्का काही येत नाहीये. डॉक्टरांनी हाक मारली तेव्हा कुठे ती भानावर आली. आई ठीक होती.

चार महिन्यांनी तिने पुन्हा परीक्षा दिली. समोरच्या परीक्षकाला न्हाणीघरात पडलेल्या म्हाताऱ्या पेशंटचं सोंग घ्यायचं होतं; काय बोलायचं ते त्याच्या कार्डावर लिहिलेलं होतं. व्याकरण थ्रेस्याच्या डोक्यात नव्हतंच. तिने खुर्ची पुढे ओढली आणि विचारलं, "आर यू यूज्वली अलोन?"

त्याने हातातल्या कार्डाकडे पाहिलं. तिथे याचं उत्तर नसावं. मग कार्ड खाली ठेवून तो हळूच म्हणाला, "येस. यूज्वली."



ती पास झाली. जानेवारीत निघायचं ठरलं. "तूही चल," ती आईला म्हणाली.

"तिथल्या थंडीत मी गोठून जाईन. तू जा, मोळे, जा माझ्या लेकी," एलीअम्मा म्हणाली. "माझ्या सोबतीला धाकटी जाऊ झोपायला येणार आहे. घोरते मेली, पण माणूस चांगलं आहे."