चौसष्टच्या खाली

पन्नाशीला टेकल्यावर हे घोड्याचं खूळ कुठून डोक्यात शिरलं, असं कोणी विचारलं की बेकरीवाली हातावरचं पीठ झटकून म्हणायची, "उशिरा शिरलेलं खूळ लवकर निघत नाही." पहाटेचे पाव भट्टीतून निघाले, की दुकान नवऱ्याच्या गळ्यात टाकून ती तबेल्याकडे पळायची. तिची घोडी तपकिरी, खादाड आणि लाडावलेली. रपेट संपल्या संपल्या पावाची कड तोंडात पडली नाही, तर बाईसाहेब रुसायच्या.

नवरा मात्र घोडीपासून चार हात लांब. "पुढून चावतं, मागून लाथ मारतं आणि मधे ब्रेक नाही," एवढंच त्याचं अश्वज्ञान.

बेकरीवालीला ऐंशी किलोमीटरच्या दौडीत उतरायचं होतं. पण लांब पल्ल्याच्या दौडीचे नियम सासुरवासाला मागे टाकणारे. आधी एकाच मोसमात चाळीस किलोमीटरच्या दोन दौडी पुऱ्या करा, त्याही ठरलेल्या वेगाच्या वर न जाता. पहिलं येण्याला काडीचा भाव नाही, घोडा ठणठणीत आला पाहिजे. पोचल्यावर वीस मिनिटांत त्याच्या हृदयाचे ठोके चौसष्टच्या खाली यायला हवेत आणि डॉक्टरांसमोर त्याने दुडकून दाखवायला हवं. लंगडला की बाद. तिची एक दौड झाली होती. आजची दुसरी ही मोसमातली शेवटची. हुकली, तर पहिलीही पाण्यात.

घोडी झकास आली. डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावली. "बहात्तर. वेळ आहे अजून, थंड करून आणा. पण आता एकदाच तपासणार."

बेकरीवालीने घोडीवर पाणी ओतलं, मान थोपटली, कानाशी लागून मनधरणी केली. घोडी आपली कान टवकारून तिचे खिसे हुंगत नाचतेय. गाडी चालवायला म्हणून आलेला नवरा लांबून हे बघत होता.

"अगं, तू बाजूला हो बरं," तो म्हणाला. "पळून झालं की तू खायला देतेस, त्याचीच वाट बघतेय ती. तू समोर असेपर्यंत ठोके उतरायचे नाहीत."

"मग देऊन टाकू?"

"एक दिलीस की दुसरीसाठी नाचेल. तूच लावलीस ना सवय?"

"अहो, पण हिला धरणार कोण?"

आजूबाजूला दुसरं कोणीच मोकळं नव्हतं. शेवटी नवऱ्यानेच भट्टीतला तापलेला ट्रे घ्यावा तसा लगाम हातात घेतला.

ती गाडीमागे जाऊन उभी राहिली. जिला तळहाताच्या फोडासारखं जपलं, तिच्यासाठी आपणच अडचण व्हावं! तिला रडू यायला लागलं. तेवढ्यात नवऱ्याचा आवाज आला. तो घोडीला मैद्याच्या पोत्यांचं गाऱ्हाणं सांगत होता. तोच एकसुरी आवाज, ज्याने गेली पंचवीस वर्षं तिला स्वतःला हमखास झोप लागत आली होती. तिला हसू आवरेना.

"साठ!" डॉक्टरीणबाई ओरडल्या. "आता दुडकवून दाखवा."

तिने हळूच डोकावलं. पोट सावरत, चपला फटफटवत नवरा पळत होता आणि शेजारी घोडी अगदी शहाण्यासारखी दुडकत होती. परत येईपर्यंत त्याला धाप लागली.

"घोडी उत्तम. पास!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "यांना जरा बसवा कोणीतरी. यांचे ठोके मोजायची माझी हिंमत नाही."

बेकरीवाली धावत सुटली. घोडी खिंकाळली, आता खुशाल खिंकाळू दे! नावं नोंदवायला टेबलाशी बसलेल्या माणसाने मान वर केली. "ऐंशीच्या प्रवेशाला मदतनीसाचं नाव लागतं. कोण आहे तुमचं?"

ती तबेल्यातल्या कोणाचं तरी नाव सांगणार होती.

"मी," नवरा धापा टाकत म्हणाला. लगाम अजून त्याच्याच मुठीत होता. "आणि तपासणीच्या वेळी हिला माझ्या घोडीजवळ फिरकू द्यायचं नाही."

माझ्या, म्हणाला तो. तिला वाटलं, ते ऐंशी किलोमीटर आत्ताच्या आत्ता पळून यावेत, आणि तेही स्वतःच्या पायांनी.